परदेशात पहिल्यांदा उतरणाऱ्या आपल्या मराठवाड्याच्या लेकरांसाठी: पहिले पंधरा दिवस

मांजराकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी लातूर जिल्ह्यातली. गेली तीन वर्षं जर्मनीत मागडेबुर्गला शिकते आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात धातूचे दोन अर्धगोल आणि ते ओढणारे घोडे असं चित्र आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. हवेच्या दाबाचा तो प्रयोग करणारा ओटो फोन गेरिके याच गावचा, आमचं विद्यापीठही त्याच्याच नावाचं. येत्या ऑक्टोबरात हिवाळी सत्र सुरू होईल, तेव्हा नव्या मुलांचं स्वागत करणाऱ्या गटात मी आहे. भारतातून येणाऱ्यांच्या चॅटवर सहज विचारलं, कोण कुठलं? तर उदगीर, गंगाखेड, माजलगाव, भोकर अशी उत्तरं आली. वाचून लई आनंद झाला आणि लगेच पोटात गोळाही आला. आपल्याकडून आलेलं लेकरू कुठं अडखळतं ते मला ठाऊक आहे. मी तिथंच अडखळले होते.

सांगते. ओरिएंटेशनचा, म्हणजे नव्या मुलांना माहिती देण्याचा, आठवडा सोमवारी सुरू झाला आणि पहिले दोन दिवस मी गेलेच नाही. माझ्या डोक्यात आपल्या कॉलेजचा उद्घाटनाचा कार्यक्रम होता. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं. तिथं नाही गेलं तरी काही बिघडत नाही असं आपण धरून चालतो. मी खोली झाडली, कणीक कुठं मिळते ते शोधत फिरले. त्या दोन दिवसांत तिथं काय सांगितलं? परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयाची नोंदणी आपली आपण पोर्टलवर करायची. तिला मुदत असते, मुदत गेली की परीक्षा गेली. एकाच विषयात किती वेळा नापास होता येतं यालाही मर्यादा असते, ती संपली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो. आपल्याकडं परीक्षा फॉर्मची तारीख नोटीस बोर्डावर लागते, चुकली तर लेट फी भरता येते, आणि एटीकेटी असतेच. मला हे सगळं जानेवारीत कळलं. तो विषय वर्षातून एकदाच असायचा आणि पुढचा प्रकल्प त्याच्यावर अडून होता. माझे सहा महिने गेले. ब्लॉक अकाउंटच्या (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) हिशोबानं महिन्याला ९९२ युरो धरले तर ५,९५२ युरो. घरी हे सांगायला मला तीन आठवडे लागले.

कुणी लपवून ठेवलं नव्हतं. ईमेलसुद्धा आला होता. वर्गात कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं कसं? मोठ्यांपुढं जास्त बोलू नये असं ऐकत वाढलेलो आपण. त्यात इंग्रजी अडखळत. बाकीची मुलं फाडफाड बोलायलीत आणि आपण भिंतीला टेकून उभं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं लेकरू आपणहून विचारणार नाही, हे आधीच धरून चालावं. आधी आलेल्यानं त्याच्याकडं जाऊन विचारावं. जेवलास का, नोंदणी झाली का, पत्रपेटीवर नाव लावलंस का.

ही पत्रपेटीची गोष्ट साधी समजू नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत इथं आपला पत्ता सरकारी कार्यालयात नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मग कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन हे सगळं टपालानं येतं. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र आलं तसं परत जातं. पासपोर्टवर जसं आहे तसं आडनाव कागदावर लिहून पहिल्याच दिवशी चिकटवायचं.

तुमचे अनुभव येऊ द्या. पहिल्या पंधरा दिवसांत कुणी काय सांगायला हवं होतं, काय करायला हवं होतं? देश कुठलाही चालेल. हे सगळं एकत्र करून मी नव्या मुलांना देणार आहे.

औश्याचा

ताई, फार गरजेचा धागा. मी इंग्लंडात लीड्सला एक वर्षाचं एम.एस्सी. केलं. तिथं सत्र सुरू होण्याच्या सुमारास फ्रेशर्स वीक असतो. पोस्टरं बघितली तर बहुतेक पार्ट्या आणि पब. मी माळकरी घरातला. हे आपल्यासाठी नाही असं ठरवून मी खोलीत बसलो. चौथ्या दिवशी शेजारच्या नायजेरियन मुलानं दार वाजवलं, म्हणाला चल, आज सगळ्या क्लबांची टेबलं लागलीत. गेलो. एका मोठ्या हॉलमध्ये डोंगर चढणाऱ्यांपासून बुद्धिबळ खेळणाऱ्यांपर्यंत सगळे मांडून बसलेले. दारूचा थेंब नसलेले कार्यक्रमही ढीगभर होते, मीच बघितले नव्हते. मी दर शनिवारी चालायला जाणाऱ्या गटात नाव दिलं. पुढं वर्षभर इंग्रजी बोलायचा माझा सराव झाला तो त्या वाटांवर, वर्गात नाही.

नव्या मुलांना दोन कामाच्या गोष्टी सांगतो. व्हिसाच्या वेळीच विद्यार्थ्याकडून वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार घेतलेला असतो. म्हणजे डॉक्टरचे पैसे तुम्ही भरून आलेला आहात. तरी आपली मुलं जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवत नाहीत आणि अंगात ताप असताना घरून आणलेल्या गोळ्या खात बसतात. पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका.

दुसरी कामाची. पदवी अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. "या आठवड्यात दहा केले, पुढच्यात तीस करतो" हे चालत नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा या हिशोबात फसला आणि शेवटपर्यंत धास्तीत राहिला.

सेलूची

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. केलं आणि नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला आले. १९७२ साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ आणि शेतीसाठी जगभर नावाजलेलं हे. दोन्हीकडं मातीच शिकवतात, तरी पहिल्या दिवशी मला दुसऱ्याच ग्रहावर आल्यासारखं झालं.

इथली एक पद्धत मला फार आवडली. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधी नव्या मुलांचे लहान लहान गट करतात आणि प्रत्येक गटाला दोन जुने विद्यार्थी देतात. ते गावात फिरवतात, एकत्र स्वयंपाक करायला लावतात, सायकल कुठं लावायची, कुठं लावली तर उचलून नेतात ते सांगतात. काही डच विद्यापीठांत या दोघांना चक्क गटाचे आई-बाप म्हणतात. हे ऐकलं तेव्हा मला आपल्या वारीतली दिंडी आठवली. दिंडीत नवा माणूस आला की कुणीतरी त्याला आपल्या ओळीत घेतो, मुक्कामाची जागा दाखवतो, पाणी कुठं मिळेल ते सांगतो. नवा माणूस हरवत नाही, कारण त्याच्याकडं बघणारं कुणीतरी ठरलेलं असतं.

ताई, तुमच्याकडंही तसंच करा. "काही लागलं तर सांग" असं सगळ्यांना मोघम सांगू नका. एका नव्या मुलामागं एक जुना, नावानिशी ठरवा. मोघम सांगितलं की आपली मुलं "हो" म्हणतात आणि कधीच सांगत नाहीत.

आणि सायकल. चालवता येत नसेल तर तिकडूनच शिकून या. आमच्या बॅचला आपल्याकडच्या दोन मुलींना येत नव्हती. घरी कधी कुणी शिकवलीच नव्हती. एक महिना त्या सगळीकडं चालत गेल्या, पण सांगितलं नाही कुणाला.

गोदाकाठ

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी नांदेडचा. मी जर्मनीत उतरलो तेव्हा आपल्याच भागातले सिनियर स्टेशनवर घ्यायला आले होते. गाडीतून घरी नेलं, गरम वरण-भात वाढला. त्या रात्रीचं ऋण मी विसरणार नाही. पण पुढं काय झालं? सहा जणांचा एक फ्लॅट, सगळे मराठी. स्वयंपाक मराठी, सिनेमे मराठी, भांडणं मराठी. ओरिएंटेशनला एक जण जायचा आणि येऊन बाकीच्यांना सांगायचा. कार्यालयात जायचं तर सिनियर सोबत यायचा आणि बोलायचा तोच. वर्षभरानं माझी जर्मन भाषा "नमस्कार, धन्यवाद" एवढीच होती. इंटर्नशिपच्या मुलाखतीत समोरच्यानं साधं विचारलं, शहरात काय आवडलं, तर मला सांगता येईना. मी शहर बघितलंच नव्हतं.

म्हणून म्हणतो, स्टेशनवर जरूर जा. पहिली रात्र, पहिलं जेवण, पहिलं सिमकार्ड इथपर्यंत हात धरा. तिसऱ्या दिवसापासून त्याला एकट्याला पाठवा. कार्यालयात सोबत गेलात तर बाहेर बाकावर बसा, बोलू दे त्याला. अडखळेल, घाम फुटेल, पण परत येईल तेव्हा दोन इंच उंच होऊन येईल.

मांजराकाठची

@गोदाकाठ, राग कशाचा. बाहेर बाकावर बसायचं, हे मी लिहून घेतलं. पण तिसरा दिवस प्रत्येकाचा वेगळा असतो, भाऊ. माझ्या शेजारची भोकरदनची मुलगी आठ दिवस रडत होती. तिला तिसऱ्या दिवशी एकटीला पाठवलं असतं तर ती परतीचं तिकीट काढून मोकळी झाली असती. जाताना सोबत जायचं, येताना तिला एकटीला येऊ द्यायचं, असं आम्ही चार-पाच वेळा केलं. मग ती सुटली. आता तीच नव्या मुलांना घ्यायला जाते.

@सेलूची, एकामागं एक नावानिशी, हे पटलं. आज रात्री बसून जोड्या लावते.

खडकी_दरवाजा

अमेरिकेतून लिहितोय, टेक्सस. घर छत्रपती संभाजीनगरला.

इथं अंतर ही पहिली अडचण. गाडी नसेल तर किराणा आणायलासुद्धा कुणाच्या तरी मागं लागावं लागतं. आमच्या विद्यार्थी संघटनेनं पहिले दोन शनिवार ठरवून ठेवलेत. जुने विद्यार्थी गाड्या घेऊन येतात, नव्यांना दुकानात नेतात, गादी-उशी-कुकर घेऊन परत सोडतात. बाकी काही नाही केलं तरी एवढं करा.

कागदांचं सांगतो. विद्यापीठात पोचल्यावर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन "मी आलो" अशी नोंद करायची असते, इथल्या बऱ्याच विद्यापीठांत ती ओरिएंटेशनमध्येच होते. अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत विद्यापीठाला तुमची नोंद सरकारी यंत्रणेत करावी लागते. ती राहिली तर तुमचा विद्यार्थी म्हणून दर्जाच धोक्यात येतो.

आणि एक गोष्ट फार कळकळीनं सांगतोय. कॅम्पसच्या आत, सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय रोख पैशावर काम करू नका. "सगळेच करायलेत, काही होत नाही" असं सांगणारा भेटेलच, बहुतेक आपलाच असेल. घरी कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो, मन डळमळतं. तरी नाही म्हणा. माझा खोलीमित्र एका वर्षात परत गेला. त्याला विमानतळावर सोडून आलो त्या दिवशी मी जेवलो नाही.

गुरुजी_कळंब

मुलांनो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. माझ्या धाकट्या मुलीला जर्मनीत केम्नित्स येथे प्रवेश मिळाला आहे. आमच्या घरातून देशाबाहेर जाणारी ती पहिली. तुमचे सगळे लेखन मी दोन वेळा वाचले, तिला मोठ्याने वाचूनही दाखवले.

शैक्षणिक कर्जासाठी पाच एकर जमीन तारण देतो म्हणालो, तर बँकेने घेतली नाही. कर्ज थकले तर बँकेला तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, असे सांगितले. शेवटी गावातला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट दिला. आयुष्यभर ज्या जमिनीवर विसंबलो, ती या कामी आली नाही याचे वाईट वाटले. असो.

ब्लॉक अकाउंटचे ११,९०४ युरो भरले, एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे) आले, व्हिसाही झाला. आता सामान भरायला घेतले आहे. तिच्या आईने पेढे, तूप, शेंगदाण्याची चटणी, येसर, धपाटे आणि एक वाकळ असे सगळे काढून ठेवले आहे. यातले काय न्यावे, काय नको? आणि बाप म्हणून मी तिला निघण्याआधी काय शिकवावे? खरे सांगायचे तर मला विमानतळापुढचे काहीच ठाऊक नाही.

मांजराकाठची

गुरुजी, नमस्कार. तुमचं लिहिणं वाचून मला माझे दादा, म्हणजे वडील, आठवले.

आधी सामानाचं. पेढे आणि तूप काढून ठेवा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून सामानात आणायला बंदी आहे. विमानतळावर सापडले तर फेकून देतात, दंडही होऊ शकतो. धपाट्यांचं पीठ दह्यात मळलं असेल तर तेही नको. आईला म्हणावं, पाण्यात मळा आणि वाटेत खाण्यापुरते द्या. चटणी, येसर, काळा मसाला, मेतकूट बिनधास्त द्या, पण पिशव्या दुहेरी करा आणि वर नाव लिहा. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानांत मिळतं, महाग असतं. दोन किलो द्या, पुढचं इथं बघता येईल. कोथिंबीर, हिरवी मिरची, वांगी तुर्की दुकानांत झकास मिळतात.

वाकळ जरूर द्या. वसतिगृहाच्या खोलीत पलंग आणि गादी असते, उशी-पांघरूण बहुतेक ठिकाणी नसतं. पहिल्या रात्री थंडी वाजली की घर फार लांब वाटतं.

पैशांचं नीट लक्षात घ्या. ब्लॉक अकाउंटचे पैसे तिथं पोचल्या पोचल्या हातात पडत नाहीत. इथलं बँक खातं उघडल्यावर महिन्याला ९९२ युरो असे सुटतात, त्यात दोन-तीन आठवडे जातात. त्याच काळात खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, विद्यापीठाचं सत्रशुल्क आणि दीडशे युरोच्या आसपास आरोग्य विमा असं सगळं अंगावर येतं. तेवढी रक्कम फॉरेक्स कार्डावर वेगळी ठेवा.

शनिवारी पोचत असेल तर सांगून ठेवते, रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी. आम्ही शनिवारी येणाऱ्या मुलांच्या खोलीत तांदूळ, डाळ, मीठ, ब्रेड, फळं आधीच ठेवतो.

आता शिकवायचं काय? तिला एकटीला बँकेत पाठवा. तहसीलला पाठवा. समोरचा साहेब खेकसला तरी "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" हे वाक्य तिनं न घाबरता म्हणायला शिकलं पाहिजे. इथं ते वाक्य कुणाला उद्धट वाटत नाही. माझ्या दादांनी माझी सगळी कामं स्वतः केली, प्रेमानं केली, आणि मला ते वाक्य पंचविसाव्या वर्षी परक्या देशात शिकावं लागलं.

औश्याचा

गुरुजी, फोनची वेळही आधी ठरवून घ्या. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलली की साडेचार तास. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिची संध्याकाळ. रोज व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका. माझी माय रोज विचारायची, "बाळा, बरा हायस ना?" आणि मी रोज "हो" म्हणायचो. आठवड्यातून दोनदा बोलायला लागलो तेव्हा खरं बोलायला लागलो. डिसेंबरात तिकडं चार-साडेचारलाच अंधार पडतो आणि मन उगीच खचतं. तो महिना जास्त जपा.

मिलिंदचा

थोडं मनातलं लिहितो.

मी मिलिंद महाविद्यालयाचा, बाबासाहेबांनी १९५० साली आपल्याकडं उभं केलेल्या त्या कॉलेजचा. शिष्यवृत्तीवर बाहेर आलो. आपल्या लोकांच्या स्वागताच्या जेवणात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो आडनावाचा. मी सांगितलं. मग गाव. मग "गावात कुठं राहता?" हा प्रश्न कशासाठी असतो ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही. नंतर कुणी वाईट वागलं असं नाही. पण पुढच्या जेवणाचं बोलावणं मला आलं नाही. मी त्या शहरात दोन वर्षं राहिलो आणि मराठीत बोलायला माझ्याजवळ कुणी नव्हतं.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या मदतीबरोबर या भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयेही कामी आले. वसतिगृहात भेटलेला एक खोलीमित्र. त्यानं आडनाव बघून मैत्री केली असती तर?

ताई, तुमच्या कागदात एक ओळ घाला. नव्या मुलाला त्याचं नाव विचारा, विषय विचारा, जेवलास का विचारा. आडनाव विचारू नका.

मांजराकाठची

@मिलिंदचा, ओळ घातली. सगळ्यात वर.

तुमच्या वाट्याला जे आलं त्याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या गटातही हे होतं, मी ऐकलंय, आणि तेव्हा गप्प बसलेय. यंदा बसणार नाही.

सेलूची

@मिलिंदचा, दादा, तुम्ही अजून युरोपात असाल तर वाखेनिंगनला या. आम्ही दरवर्षी वेळ अमावस्या (शेतात जाऊन जेवायचा सण) करतो. आमच्या घरी नव्हती ही पद्धत, लातूर-धाराशिवच्या मैत्रिणींनी शिकवली. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे इथला काळोखाचा आणि परीक्षांच्या तयारीचा काळ. शेत नाही, कोप (कडब्याची खोप) नाही, वसतिगृहाचं स्वयंपाकघर. फ्रोझन मटार, तुरीचे दाणे, मेथी, गाजर, बेसन, चिंच घालून भज्जी करतो. ज्वारीच्या पिठाची आंबील करतो. बाजरीचे उंडे. त्या दिवशी गावाकडं शेताच्या वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवतात, ओळख असो नसो. आम्ही तोच नियम ठेवला आहे. स्वयंपाकघरात जो येईल त्याला ताट. मागच्या वर्षी इथियोपियाचा एक मुलगा आंबील प्यायला आणि म्हणाला, आमच्याकडंही ज्वारी आंबवतात. मग तासभर आम्ही ज्वारीवर बोलत होतो. तो आता माझ्या प्रयोगशाळेत आहे.

ओरिएंटेशन आठवड्याभरात संपतं. खरं एकटेपण डिसेंबरात येतं. तेव्हा पुन्हा एकदा बोलवा नव्या मुलांना.

गोदाकाठ

@सेलूची, याला म्हणतात घरचं घर राहिलं आणि दारही उघडं राहिलं. मी वर लिहिलं त्यात हेच म्हणायचं होतं, नीट सांगता आलं नाही.

गुरुजी, केम्नित्सला माझी वर्गमैत्रीण आहे, हिंगोलीची. तिला विचारलं. ती तुमच्या मुलीला स्टेशनवर भेटेल. तिचा नंबर इथं टाकत नाही, निरोपातून पाठवतो. बर्लिनहून येत असेल तर बहुतेक लाइपझिगला गाडी बदलावी लागेल. फलाट ऐन वेळी बदलतात, तेव्हा तिकीट काढताना मध्ये निदान अर्धा तास ठेवायला सांगा.

गुरुजी_कळंब

मुलांनो, काल रात्री धाराशिवहून लातूर-मुंबई एक्सप्रेसने आम्ही तिघे निघालो. आज तिला विमानतळावर सोडले. गेल्या महिनाभरात तिने बँकेची तीन कामे, तहसीलचे एक काम आणि सिमकार्डाचे भांडण एकटीने निस्तरले. मी बाहेर बाकावर बसून होतो. बसवत नव्हते, पण बसलो.

सामानात वाकळ आहे. पेढे तिच्या आईने शेजाऱ्यांना वाटले.

मांजराकाठची

गुरुजी, पोचली की कळवा. सोमवारी ओरिएंटेशन आहे तिचं, मी वेळापत्रक पाहिलं. सकाळच्या पहिल्या सत्रापासून बसायला सांगा. परीक्षेच्या नियमांचं सत्र दुसऱ्या दिवशी दुपारी आहे, ते चुकवू नको म्हणावं.

गुरुजी_कळंब

पोचली. हिंगोलीची ती मुलगी फलाटावर उभी होती, हातात भाकरीचा डबा घेऊन. तिला आमचे आशीर्वाद कळवा.

फोनवर बोलणे झाले. पहिली गोष्ट तिने काय सांगितली असेल? "दादा, नळाला चोवीस तास पाणी आहे, आणि तेच प्यायचं." आमच्याकडे दुष्काळात दहा-दहा दिवसांनी पाणी यायचे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा ती शाळेत होती आणि ती गाडी पाहायला मी तिला मुद्दाम लातूरला नेले होते. आता नळ सोडून हात धुताना तिला चोरी केल्यासारखे वाटते म्हणे. मी म्हणालो, वाटू दे, ती सवय राहू दे.

मग विचारले, पत्रपेटीवर नाव लावलेस का? म्हणाली, खोलीची किल्ली मिळाल्यावर आधी तेच केले.